मोठ्या पातेल्यातली दाळ

खाण्याचा पगार घेणारा माणूस म्हणून आमच्या नात्यागोत्यात माझी थोडी बदनामीच आहे. लग्नात पंगतीला बसलो की शेजारचा हमखास ओरडतो, "जपून वाढा रे, बुधवारी पेपरात येईल!" मग वाढपी घाबरून एक जिलबी जास्त वाढतो आणि मीही ती नाकारत नाही. बावीस वर्षं सुरतेच्या एका गुजराती दैनिकाच्या बुधवारच्या पुरवणीत मी दर आठवड्याला एका लारीबद्दल किंवा साध्याशा हॉटेलाबद्दल लिहीत होतो. लारी म्हणजे हातगाडी. सुरतेत तिला दुसरं नाव नाही.

बावीस वर्षांत मी बऱ्याच जणांना नाराज केलं आणि त्याचं मला फारसं वाईट वाटत नाही. ज्याचं तेल शिळं, त्याला शिळं म्हणायचं, हेच तर माझं काम होतं. पण त्या सगळ्या लिखाणातलं एक वाक्य मला परत घ्यावं लागलं. वाक्य लहान होतं, मिठाबद्दल होतं, आणि त्या वाक्यामुळे बमरोलीतल्या एका बाईची बाकडी रिकामी झाली. ते सांगायलाच आज बसलो आहे. पण आधी धंदा कसा चालतो ते सांगतो, नाहीतर चिमूटभर मिठाचं एवढं काय, असं तुम्हाला वाटेल.

माझा जन्म सुरतेतल्याच नवागामचा. वडील अमळनेरकडून आले आणि पांडेसऱ्याच्या बाजूला कापड रंगवायच्या कारखान्यात लागले. घरात अहिराणी, महापालिकेच्या शाळेत मराठी, गल्लीत हिंदी आणि पोटापाण्याला गुजराती, अशा चार भाषांत मी वाढलो. दैनिकात मी लागलो तो मुद्रितं तपासायला. खाण्यावर लिहिणारे जुने गृहस्थ मुलाकडे परदेशी निघून गेले तेव्हा आमचे संपादक भरतभाई कचेरीत उभे राहून विचारायला लागले, "बहारनुं कोण खाय छे?" बाहेरचं कोण खातं? कुणाला पित्त, कुणाचं व्रत, कुणाची बायको कडक. मी म्हटलं, मी खातो, सगळं खातो. एवढ्या पात्रतेवर मला ते सदर मिळालं.

लोकांना वाटतं, जायचं, चापायचं आणि लिहायचं. तसं नसतं. एका ठिकाणी तीनदा जायचं, आणि तिन्ही वेळा वेगळ्या वेळी. नाव सांगायचं नाही, बिल आपलं आपण द्यायचं. गेल्यावर आधी फडकं बघायचं. ज्या फडक्याने टेबल पुसतात त्यानेच ताटली पुसत असतील तर तिथून उठायचं, पुढे जेवण अमृत असलं तरी. मग सगळ्यात साधा पदार्थ मागवायचा. पनीरची भाजी कुणालाही साधते, साधं वरण फसवत नाही. शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती खोटी नाही, फक्त शीत कुठलं उचलायचं ते कळायला वर्षं जातात. आणि मालक स्वतः दुपारी काय जेवतो ते हळूच बघायचं. तो घरून डबा आणत असेल तर समजून जायचं.

आणखी एक. चव घ्यायला भरल्या पोटी जायचं नाही आणि अगदी उपाशीही जायचं नाही. भरल्या पोटी सगळं वाईट लागतं, उपाशीपोटी सगळंच चांगलं. म्हणून मी जाताना थोडं खाऊन जायचो आणि तिसऱ्या खेपेला एक खरंखुरं भुकेलं माणूस बरोबर न्यायचो. ते भुकेलं माणूस म्हणजे माझी बायको, वंदना. ती मराठी शाळेत शिक्षिका. शनिवारी सकाळची शाळा सुटली की ती फाटकाशी उभी असायची, मी स्कूटर घेऊन जायचो. तिच्या भुकेच्या जोरावर मी निम्मं नाव कमावलं आणि तिची कितीतरी वाक्यं माझी म्हणून छापली. ती अजून ते काढते.

गमतीही झाल्या. वेसूच्या बाजूला एका नव्या हॉटेलच्या मालकाने मला ओळखलं. कसं ते माहीत नाही, बहुधा मी फडक्याकडे फार वेळ बघत होतो. बघता बघता टेबलावर अकरा पदार्थ आले, एकही मागवलेला नाही. प्रत्येकावर कोथिंबिरीचं झाड लावलेलं. मी चाखले, सगळे एकाच रश्श्याचे भाऊबंद. तेवढ्यात आतून खिचडीचा वास आला. विचारलं तर म्हणाले, ती स्टाफची आहे, तुमच्यासाठी नाही. मी म्हटलं, तीच आणा. कढी-खिचडी आली, आणि काय सांगू, तांदूळ आणि मुगाची दाळ एकमेकांत विरघळली होती, वर लसणाची फोडणी. मी बुधवारी फक्त खिचडीवर लिहिलं. मालक फोनवर चांगलाच तापला. पण पुढच्या वर्षी गेलो तर त्याच्या मेनूकार्डात पहिल्या पानावर खिचडी होती. मी ओळख दिली नाही.

जुन्या गावात एका लोचोवाल्याने तर मला रांगेतून बाहेर काढलं होतं. लोचो म्हणजे हरभऱ्याच्या दाळीचं वाफवलेलं मऊ खमण, हातात न ठरणारं, वर तेल, शेव आणि कांदा. मी त्याला विचारलं, पीठ किती वेळ आंबवता? तो झारा खाली ठेवून म्हणाला, "काका, खावा आव्या छो के परीक्षा लेवा?" खायला आलात की परीक्षा घ्यायला? मागे उभे असलेले वीस सुरती हसले. सुरतेत खाणाऱ्याला मान आहे, विचारणाऱ्याला नाही. त्याच्यावर मी लिहिलंच नाही, पण दर पंधरा दिवसांनी जाऊन गप खाऊन येत होतो.

अशी माझी ऐट होती. आणि ऐट असली की माणूस कधीतरी तोंडावर पडतोच.

बमरोलीत कापड रंगवायच्या कारखान्यांच्या फाटकांसमोर एक पत्र्याची टपरी होती. तीन बाकडी, एक चूल, एक मोठी पाटी: खान्देशी जेवन. मालकीणबाईंचं नाव सुमनताई. शिरपूरकडच्या. नवऱ्याचं कंबरेच्या दुखण्याने कारखान्यातलं काम सुटलं तेव्हा ही टपरी त्यांनी टाकली. नवरा बसल्या बसल्या कांदा चिरायचा, मोठी मुलगी कॉलेजात जायच्या तयारीत होती, आणि घर त्या तीन बाकड्यांवर चाललं होतं. जेवण एकच. उडदाची घोटलेली दाळ, कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. कळणा म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेलं पीठ, दळतानाच त्यात खडे मीठ टाकतात. दुपारी बारा वाजता फाटक उघडलं की त्या बाकड्यांवर जागा मिळायची नाही. माणसं उभ्याने जेवायची, हातावर भाकरी घेऊन.

मी तीनदा गेलो. दोनदा एकटा, तिसऱ्यांदा वंदनाबरोबर. भाकरीला पापुद्रा असा की आत फुंकर घातली असती तर फुगाच झाला असता. दाळ काळ्या मसाल्याची, वर कच्चं तेल. पण घास घेतल्यावर मीठ जिभेला चावायचं. वंदना म्हणाली, "छान आहे, पण खारट." मलाही तसंच वाटलं होतं. आमच्या धंद्यात कौतुकाच्या लेखात एक तरी खोट काढावी लागते, नाहीतर वाचकांना वाटतं याला काहीतरी मिळालं. म्हणून मी मन लावून कौतुक केलं आणि शेवटी लिहिलं: "दाळीत मीठ मात्र फार पडतं. ताईंनी हात जरा आखडता घेतला, तर या दाळीला सुरतेत तोड नाही." वाक्य लिहून झाल्यावर मी खूश होतो. तोललेलं वाक्य वाटलं होतं.

ज्याच्यावर लिहिलं तिथे काही महिन्यांनी एकदा चुपचाप जाऊन यायचं, ही माझी रीत. सहाएक महिन्यांनी मी बमरोलीत गेलो. दुपारचे बारा वाजून गेलेले. फाटकातून माणसं बाहेर पडत होती आणि टपरीसमोरून पुढे जात होती. तीन बाकड्यांवर मिळून दोन जण बसले होते, तेही टेम्पोवाले. पत्र्यावर माझा लेख प्लास्टिकमध्ये घालून, चार खिळे ठोकून लावला होता.

मी बसलो, जेवण मागवलं. पहिला घास घेतला आणि मनात म्हटलं, वा! मीठ अगदी बरोबर. उडदाचा चिकटपणा, मसाल्याचा वास, सगळं जागच्या जागी. मला हवी होती तशी, मी छापून मागितली होती तशी दाळ माझ्यासमोर होती, आणि ती खाणारा त्या टपरीत मी एकटाच होतो.

मी अहिराणीत विचारलं, "ताई, गर्दी काब्र नही?" गर्दी का नाही?

गावचं बोलणं ऐकून त्या चुलीपासून उठून आल्या. "काय सांगू भाऊ. पेपरमा ऊनं ना आपलं, दखा, ते लायेल शे. त्यामा लिखेल शे, मीठ जास्ती शे म्हनीसन. पोरीनी माले वाची दाखाडं. मी तवयपासून कमी करं. पहिले चार दिन मान्सं ऊनात, मंग एक एक करी कमी ह्वयनात. म्हंतस, मन्हा हातनी चव गयी. आते समोर आलूपुरीनी लारी लागनी शे, तठे जातस." पेपरात वाचून त्यांनी मीठ कमी केलं होतं, आणि हाताची चव गेली म्हणत माणसं पांगली होती.

"मंग मीठ वाढाडा ना परत."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं वंदनाच्या वर्गातली मुलगी पाटीवरचं पुसायला सांगितल्यावर बघेल. "कसं वाढाडू? छापेल शे. शिकेल मानूस लिखस, त्याले कळत नही का?"

तो शिकलेला माणूस मी आहे, हे सांगायला माझी जीभ रेटेना. ताट संपवलं आणि उठलो. तोंडात चव तशीच घोळत होती, म्हणून जास्त लाज वाटत होती. दाळ बिघडली असती तर मला कळलं असतं. दाळ चांगलीच होती. मग माणसं गेली कुठे आणि का, हे मला खरोखर कळत नव्हतं.

रस्ता ओलांडून आलूपुरीच्या लारीवर गेलो. छोट्या पुऱ्या, त्यावर बटाट्याचा पातळ रस्सा. तिथे चाळिशीचे एक गृहस्थ उभ्याने खात होते. सगळे त्यांना आनंदादादा म्हणत होते. त्यांनी शर्टाच्या खिशातून प्लास्टिकची एक पुडी काढली, गाठ सोडली आणि पुरीवर चिमटीने मीठ टाकलं. पांढरं साधं मीठ. पुडी परत खिशात गेली. ते वळले तेव्हा त्यांच्या शर्टाची पाठ दिसली. निळा शर्ट, आणि त्यावर वाळलेल्या घामाचे पांढरे ओघळ.

मी विचारलं, दादा, सुमनताईंची दाळ का सोडली? ते म्हणाले, "अळनी लागस." मी म्हटलं, मी आताच खाल्ली, मीठ बरोबर आहे. त्यांनी मला खालून वर नीट न्याहाळलं. इस्त्रीचा शर्ट, पायात सँडल.

"तुमी कोठे काम करतस?"

"पेपरमध्ये. ऑफिसात."

"पंखा शे?"

"आहे."

"मंग तुमले बरोबरच लागी. एक दिन आमना स्टेंटरजोडे उभा ऱ्हा, मंग खा, आनि मंग सांगा." बाजूचे तिघे-चौघे हसले.

स्टेंटर म्हणजे ओलं रंगवलेलं कापड सुकवायचं लांबलचक मशीन. एका तोंडाने ओलं कापड आत जातं, गरम हवेच्या कोठड्यांतून ताणत ताणत दुसऱ्या तोंडाने कोरडं बाहेर येतं. माझे वडील आयुष्यभर तेच चालवत होते. आणि मी ते मशीन कधी आतून बघितलंसुद्धा नव्हतं. वडिलांची तशी सक्त ताकीद होती. "तू तठे येवाना नही," एवढंच ते म्हणायचे.

आव्हान दिलं की मला राहवत नाही, ही जित्याची खोड. ओळखीतून एका सुपरवायझरला गाठलं, लिहिणारा माणूस आहे, बघायचंय, म्हणून परवानगी काढली. एका सोमवारी सकाळी आठला मी आनंदादादांशेजारी उभा राहिलो. माझं काम काही नव्हतं. कापडाची कड दुमडते का बघायचं आणि दुमडली तर हाक मारायची. पहिला अर्धा तास मी उत्साहाने हाका मारल्या. मग घाम सुटला. घाम मी आधीही पाहिला होता, सुरतेत मे महिन्यात कुणाला येत नाही? पण हा थांबेना. कपाळावरून, कोपरावरून, गुडघ्यामागून. मी पाणी प्यायलो, परत प्यायलो. पोटात पाणी डुचमळत होतं आणि पोटरीत गोळे येत होते. दहा वाजता मी हाका मारणं बंद केलं. अकराला भिंतीला टेकलो. आनंदादादा एका हाताने कापड सरळ करत होते आणि दुसऱ्या हाताने मला पुडीतलं मीठ देत होते. मला वाटलं, आता नको, बारालाच जेवणाबरोबर घेऊ. एवढी ऐट अजून शिल्लक होती.

बारा वाजता आम्ही बाहेर आलो. मी आनंदादादांना ओढतच सुमनताईंच्या टपरीत नेलं. दाळ आली, भाकरी आली. घास घेतला.

काहीच लागलं नाही. खोटं सांगत नाही, तोंडात गरम ओला गोळा आहे एवढंच कळत होतं. तीच दाळ, त्याच हातची, ज्या दाळीला मी काही दिवसांपूर्वी वा म्हटलं होतं. मी आनंदादादांकडे हात पसरला. त्यांनी पुडी दिली. एक चिमूट टाकली, दुसरी टाकली. तिसऱ्या चिमटीला उडीद लागला, मग मसाला, मग तेल. पोटरीतली कळ जरा सैल झाली. आणि मला एकदम वडिलांचा डबा आठवला.

मी पाचवीत असेन. एकदा त्यांचा डबा अर्धा भरलेला परत आला. मला भूक होती, मी उघडून एक घास घेतला आणि "शी, खारट!" म्हणून मोरीत थुंकला. आई चुलीपासून ओरडली, "ती तुना बापनी शे रे! तुनी आठे शे!" चुलीवर दोन पातेली असायची, एक मोठं, एक लहान. मोठ्यातली दाळ वडिलांची, लहानातली आम्हा भावंडांची. मला कायम वाटायचं की वडिलांची भूक मोठी म्हणून पातेलं मोठं. वडील तेव्हा हातपाय धुऊन उभे होते. ते हसले आणि आईला म्हणाले, "त्याले नको दिऊ. त्याले लागाले नको." त्याला गरज पडायला नको. तेव्हा मला त्याचा अर्थ कळला नव्हता. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं परीक्षण, आणि तेच मी तीसेक वर्षांनी पेपरात छापलं होतं. भुकेने चव बदलते हे मी लोकांना शिकवत फिरत होतो. घामाने बदलते, हे ज्याच्या घरी दोन पातेली शिजली त्याला ठाऊक नसावं?

मी तिथेच सांगितलं, "ताई, ते मी लिखेल शे."

त्या भाकरी थापत होत्या. हात थांबला. मला वाटलं, आता शिव्या बसणार, आणि बसल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या म्हणाल्या, "तुमी का?" भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटवली. आनंदादादा म्हणाले, "चला, मंग झालं. सुमन, टाक मीठ." सुमनताईंनी नकारार्थी मान हलवली.

"आसं नही. छापेल पुसाले छापेलच लागस. भाऊ, तुमी दुसरं लिखा. मंग मी टाकसू."

मला त्यांचा हट्ट आधी वेडेपणा वाटला. मग लक्षात आलं की चार खिळ्यांवर टांगलेला तो कागद त्या टपरीतली सगळ्यात मोठी गोष्ट होता. मुलीने तो शाळेतल्या मैत्रिणींना दाखवला होता, नवऱ्याने गावाकडे पाठवला होता. माझ्या शब्दाला मी दिली नव्हती एवढी किंमत त्यांनी दिली होती, आणि त्या शब्दापायी सहा महिने रिकाम्या बाकड्यांसमोर त्या दाळ घोटत बसल्या होत्या.

भरतभाई ऐकूनच हसायला लागले. "अरे भाई, मीठा माटे माफी? कोण वांचशे?" मिठासाठी माफी कोण वाचणार? मग गंभीर झाले. म्हणाले, आज तू मिठावर माफी मागशील, उद्या वेसूवाला खिचडीवर माफी मागायला लावेल, परवा प्रत्येक तेलकट भजीवाला कचेरीत येऊन बसेल. त्यांचं चूक नव्हतं. पेपर चालवायचा म्हणजे एवढं बघावं लागतं. मी म्हटलं, मग या बुधवारी माझी जागा कोरी ठेवा, मी दुसरं काही लिहिणार नाही. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "लख, बीजुं शुं." लिही, दुसरं काय.

मी लिहिलं. बमरोलीच्या दाळीबद्दल मी चुकीचं लिहिलं होतं, दाळ बरोबर आहे, चव घेणारा पंख्याखालून आला होता. ती दाळ ज्यांच्यासाठी शिजते ते सकाळपासून अंगातलं मीठ मशीनसमोर सांडून येतात, आणि ताई ते ताटात परत घालतात. माझ्यासारख्याने ती खाऊन खारट म्हणणं म्हणजे दुसऱ्याचा चष्मा घालून अक्षर पुसट आहे म्हणण्यासारखं आहे. आणखीही लिहिलं होतं, वडिलांच्या शर्टाच्या पाठीचं. ते भरतभाईंनी जागेअभावी कापलं. मला वाईट वाटलं, पण भांडलो नाही.

बुधवारी सकाळी अंक मी स्वतः घेऊन गेलो. मुलीने गुजराती वाचून आईला अहिराणीत सांगितलं. सुमनताईंनी दोनदा वाचायला लावलं. मग प्लास्टिक आणलं, तो कागद पहिल्या कागदाशेजारी ठोकला. मी म्हटलं, पहिला काढा आता. म्हणाल्या, "ऱ्हावू द्या. दोन्ही छापेल शेतस." मग मिठाचा डबा उघडला आणि माझ्यादेखत मूठ भरून मोठ्या पातेल्यात टाकली. आनंदादादांनी बारा वाजता फाटकावर ओरडून सांगितलं, कारण कारखान्यात माझं सदर वाचणारं कुणीच नव्हतं.

लगेच सगळे परतले असं नाही. माणसाची पायाखालची वाट एकदा बदलली की चटकन पुन्हा वळत नाही. आलूपुरीची लारी तिथेच राहिली, अजून आहे, बरी असते. तिसरं बाकडं भरायला दिवाळी उजाडली. आणि त्या वर्षी मुलीचं कॉलेज हुकलं. ती घरी बसून साड्यांवर खडे चिकटवत होती. पुढच्या वर्षी गेली, पण एक वर्ष गेलं ते गेलंच, आणि ते माझ्या एका तोललेल्या वाक्यामुळे गेलं. याचं मला आजही वाईट वाटतं. ती मुलगी आता बँकेत आहे, भेटली की काका म्हणते, पण मी तिच्याशी बोलताना आधी नजर चुकवतो.

त्यानंतर मी धंद्याची रीत बदलली. फडकं, साधं वरण, मालकाचा डबा, हे सगळं आधीसारखंच. पण त्याआधी बाकड्यावर बसलेल्या माणसाला विचारायचं, दादा, कुठून आलात? सचिन भागातल्या कारखान्यांबाहेर चहात साखर जास्त का, ते मला अशा विचारण्यातूनच कळलं. पुढची वर्षं मी छातीठोकपणे लिहिली आणि बरी लिहिली, असं मी म्हणू शकतो.

गेल्या वर्षी निवृत्त झालो. लगेच डॉक्टरांनी रक्तदाब काढला आणि मीठ कमी करायला सांगितलं. वंदनाला तर हे कोलीतच मिळालं. आता घरी दाळ येते ती अशी अळणी की मला भरतभाईंचा अग्रलेख आठवतो. परवा न राहवून बमरोलीत गेलो. बाकडी आता पाच आहेत. रविवारी अडाजणच्या सुखवस्तू वस्तीतून गाड्या घेऊन लोक सहकुटुंब येतात, म्हणून सुमनताईंनी चुलीवर दोन पातेली ठेवली आहेत. मोठं फाटकातल्यांसाठी, लहान गाडीतल्यांसाठी.

मी बसलो. त्यांनी न विचारता लहान पातेल्यात डाव घातला.

मी म्हटलं, "ताई, मोठामाईन द्या ना."

डाव तसाच धरून त्यांनी माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघितलं. "आधी घाम गाळी या, भाऊ."

आनंदादादांचं बाकडं हसलं, मीही हसलो. मग मुकाट्याने लहान पातेल्यातली दाळ भाकरीवर घेतली. मोठ्या पातेल्यातल्या दाळीची मला कधी गरज पडू नये, म्हणूनच माझ्या बापाने आयुष्यभर ती खाल्ली होती.